मिरी नाक कुठे खुपसते

१

कुत्रं सोडायला आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची नाही, हा काकूंचा नियम होता. खुर्ची दिली की माणूस बसतं, बसलं की रडतं, आणि रडलं की आपण फार मोठा त्याग करतोय असं त्याचं त्यालाच वाटायला लागतं. उभ्या माणसाला रडायला जमत नाही. ते कारण सांगतं आणि जातं.

कारणं काकूंना पाठ होती. बाळ झालं. बदली झाली. घरमालक कुरकुर करतो. एकाने तर नव्या सोफ्यावर काळे केस दिसतात म्हणून सांगितलं होतं, आणि वर विचारलं होतं, पांढरं कुत्रं मिळेल का? गावाबाहेरच्या त्या निवाऱ्यात सोडलेल्या कुत्र्यांना नवं घर शोधून द्यायचं काम काकू बरीच वर्षं करत होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांचा कुत्र्यांवरचा विश्वास वाढत गेला आणि माणसांवरचा उडत गेला. निवाऱ्यातली मंडळी त्यांना पाठीमागे ‘तपासनीस’ म्हणत. काकूंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मिरीला घेऊन आलेला गृहस्थ मात्र बसायला जागा शोधत नव्हता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, भांग सरळ. मिरी काळीभोर, मध्यम अंगाची, कान अर्धे मुडपलेले.

“का सोडताय?” काकूंनी विचारलं.

“ती आम्हाला ओळखत नाही.”

“ओळखत नाही म्हणजे? चावते?”

“नाही.”

“गुरगुरते?”

“नाही. लांब बसते. परक्याकडे बघावं तशी बघते. मी, बायको, मुलगी, तिघांकडेही.”

“किती दिवसांपासून आहे तुमच्याकडे?”

“पिल्लू होती तेव्हापासून आहे म्हणे.”

काकूंनी मान वर केली. ‘म्हणे’? स्वतःच्या कुत्रीबद्दल कुणी ‘म्हणे’ म्हणतं का? पण गृहस्थाचा चेहरा कोरा होता. त्याने साखळी टेबलावर ठेवली, मिरीकडे न बघता वळला आणि निघाला.

आता काय होणार ते काकूंना ठाऊक होतं. मालकाची पाठ दिसली की कुत्रं ओढ घेतं, फाटकाच्या गजांतून तोंड बाहेर काढतं, आणि असं रडतं की कसलेला माणूसही दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहतो. त्यांनी मिरीचा पट्टा घट्ट धरला.

फाटक लागलं. गाडी सुरू झाली, गेली. मिरीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने एक मोठा सुस्कारा सोडला, काकूंच्या पायाशी अंग टाकलं आणि ती घोरायला लागली. कित्येक रात्री डोळा न लागलेल्या माणसासारखी.

२

“मारत असणार,” काकू डॉक्टरला म्हणाल्या.

निवाऱ्याची डॉक्टर वयाने काकूंच्या मुलीएवढी होती, पण घाईने बोलायची नाही. तिने मिरीचं अंग बोटांनी चाचपलं, दात पाहिले, कान पाहिले. “मार नाही हो काकू. वजन छान, दात स्वच्छ, नखं कापलेली. हिला जीव लावलाय कुणीतरी.”

“मग ते नाक?”

नाकाच्या वरचे केस गेले होते. कातडी सोलून गुलाबी झाली होती.

“हे दाराखालच्या फटीत नाक घालून होतं. रोज घातलं की.”

“म्हणजे कोंडत होते!”

“कोंडलं असतं तर हिने दार ओरबाडलं असतं. नखं बघा, एकही झिजलेलं नाही. हिला बाहेर पडायचं नव्हतं काकू. ही नुसती हुंगत होती.”

“काय?”

“ते हिला विचारा,” डॉक्टर म्हणाली आणि मलमाची डबी उघडायला लागली.

त्याच आठवड्यात गृहस्थाचा फोन आला. कुत्रं सोडून गेलेली माणसं फोन करत नाहीत. केलाच, तर चोरट्या आवाजात ‘जेवते ना?’ एवढंच विचारतात. याने ते विचारलं नाही.

“तिथे ती एखाद्या ठराविक जागी जाऊन बसते का?”

“का बरं?”

“इथे आम्ही बाहेर गेलो की ती कुठेतरी जाऊन बसायची. आम्ही आलो की उठून यायची. कुठे ते कळलंच नाही. तुम्हाला काही दाखवलं का तिने?”

“नाही,” काकू म्हणाल्या.

“दाखवलं तर कळवा,” तो म्हणाला. आवाजात काळजी होती, पण ती कुत्रीची नव्हती. हरवलेल्या किल्लीबद्दल माणूस विचारतो, तसा तो विचारत होता.

३

वाढलेल्या कुत्र्याला घर मिळवून देणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. येणाऱ्या प्रत्येकाला पिल्लू हवं असतं, आणि तेही कापसाच्या गोळ्यासारखं. काळी, वयाने वाढलेली, अर्ध्या कानांची मिरी कुणाच्या नजरेत भरणार? पण शिवणकाम करणारी एक बाई आली. एकटी राहायची. मिरीने तिच्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि बाई विरघळली.

काकू तिचं घर बघून आल्या. दाराची कडी, गच्चीचा कठडा, शेजारी, सगळं उलटतपासणी घेतल्यासारखं पाहिलं. घर चांगलं होतं. बाई त्याहून चांगली होती.

मिरीने तिथे कुणाला त्रास दिला नाही. थोडं खायची, थोडं झोपायची. मग एकदा गिऱ्हाईक आत येताना दार उघडं राहिलं, आणि मिरी सुटली.

संध्याकाळी गृहस्थाचा फोन. “तुमची कुत्री आमच्या जिन्यात आलीय.”

“येते लगेच घ्यायला.”

“घाई नाही. वर या, बसू जरा. तिलाही थोडा वेळ घरात राहू दे.”

शिवणवाली बाई डोळे पुसत म्हणाली, “काकू, हिचं मन त्याच घरात आहे. माझ्याकडे पाहुणी म्हणून राहत होती.”

काकूंनाही वाटलं, असेल. गृहस्थाला पश्चात्ताप झाला असेल. सोडलेलं कुत्रं स्वतःच्याच घरी परत जावं, यासारखं दुसरं सुख नाही. वर्षा-दोन वर्षांत एखादं जातं. असं म्हणत त्या गेल्या, तरी वाटेत तो ‘म्हणे’ दातात अडकलेल्या तंतूसारखा टोचत राहिला.

४

इमारत नवी होती. लिफ्टला अजून रंगाचा वास होता. चौथ्या मजल्यावर दाराबाहेर मिरी बसली होती. काकूंना पाहून तिने शेपटी हलवली. दार उघडलं आणि गृहस्थाची बायको दिसली, तशी शेपटी थांबली. पण मिरी आत गेली, भिंतीच्या कडेकडेने.

“या ना,” बायको म्हणाली. गोड आवाजाची, हसतमुख बाई. “चहा टाकते.”

गृहस्थ आणि शाळकरी मुलगी सोफ्यावर बसले होते. अगदी कडेला, पाठ न टेकता. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर आपण बसतो ना, तसे. भिंतीवर फोटो होते: मिरी पिल्लू असताना, मिरी मुलीच्या कुशीत, मिरीच्या गळ्यात बायकोचे हात. काकूंनी फोटोतले चेहरे आणि समोरचे चेहरे नजरेने ताडून पाहिले. तेच. बायकोच्या गालावरचा तीळसुद्धा जागच्या जागी.

स्वयंपाकघरात एक खण उघडला, मिटला. दुसरा उघडला. मग तिसरा. स्वतःच्या स्वयंपाकघरात बाई चमचा शोधत होती.

‘होतं असं,’ काकूंनी स्वतःला समजावलं. ‘पाहुणं आलं की माणूस गडबडतं.’

चहा झाल्यावर गृहस्थ उठला. “आम्ही तिघं आतल्या खोलीत जातो. दार लावून घेतो. आम्ही दिसलो नाही की ती जाईल. तुम्ही फक्त बघा कुठे जाते ते.”

“आणि मग?”

“मग आम्हाला सांगा,” मुलगी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली होती.

दार लागलं. मिरी बराच वेळ त्या दाराकडे कान लावून बसली. मग उठली आणि बोळात गेली. आतल्या खोलीकडे नाही, उलट्या बाजूला, जिथे भिंतीत चपला-बुटांचं कपाट होतं. तिने पुढचे पाय पसरले, कपाटाच्या खालच्या फळीखाली जी बोटभर फट होती तिच्यात नाक घातलं, आणि तिची शेपटी फरशीवर आपटायला लागली. धप, धप, धप. काकूंनी हजारो कुत्री पाहिली होती. घरचं माणूस भेटल्याशिवाय शेपटी अशी वाजत नाही.

त्या गुडघ्यांवर बसल्या. वाकल्या.

फटीतून बोटं बाहेर आली होती. बोटांची नुसती टोकं. लहान मुलाची. एकावर शाईचा डाग होता. ती मिरीच्या सोललेल्या नाकावर फिरत होती, हळू, फुंकर घालावी तशी.

काकूंनी कपाटाचं दार ओढलं.

फळ्यांवर चपला, बूट, एक छत्री. मागे भिंत. हात घातला तर कोपरापर्यंतसुद्धा गेला नाही. तळाची फळी ठोकली, खाली फरशी. बोटं नाहीत, बोटांना राहायला जागा नाही. फक्त मिरी त्यांच्याकडे बघत होती. नजरेत विनवणी होती की दटावणी, ते काकूंना कळलं नाही. त्यांनी कपाट लावून घेतलं.

आतलं दार उघडलं. “कुठे गेली?” गृहस्थाने विचारलं.

“कुठेच नाही,” काकू म्हणाल्या. “पंख्याखाली बसून होती.”

आपण का खोटं बोललो, ते त्यांना सांगता आलं नसतं. मुलगी जवळ येऊन उभी होती. काकूंनी तिचे हात पाहिले. दोन्ही स्वच्छ, दहाही बोटं, नुकती धुतल्यासारखी.

५

मिरीला घेऊन खाली आल्यावर काकूंनी इमारतीला वळसा घातला. कपाट ज्या भिंतीत होतं ती भिंत बाहेरून पाहिली. सपाट, पिवळी, वरपासून खालपर्यंत पावसाच्या पाण्याचा एक पाइप. पलीकडे खोली नाही, सज्जा नाही. मोकळी हवा.

“मूल कोंडलंय त्यांनी,” त्या डॉक्टरला म्हणाल्या.

“कपाटात?”

“कपाटात नाही. पण आहे कुठेतरी.”

“काकू, तुम्ही दमल्या आहात. फटीत उंदीर असेल. उंदराची नखं...”

“उंदराच्या बोटाला शाई लागते का गं?”

डॉक्टरने ओळखीच्या एका महिला पोलिसाला स्वतःच फोन लावला. ती बाई जाऊन आली. घरात तीन माणसं, तीनच. मुलगी शाळेत जाते, शेजारी चांगलं म्हणतात, चहा छान होता. काकूंनी पोलिसाला कपाटाचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हसं झालं असतं, हे एक. दुसरं म्हणजे, त्या तिघांच्या देखत कुणी ते कपाट उघडावं, हे त्यांना नको होतं.

जाता जाता पोलीसबाई एक बोलून गेली. “माणसं साधी आहेत हो. फक्त तो गृहस्थ सारखं विचारत होता, ‘तुमच्याकडे वास काढणारी कुत्री असतात ना? एखादं मिळेल का?’”

इकडे मिरीने अन्न सोडलं. शिवणवाल्या बाईने येऊन हाताने भरवून पाहिलं. मिरी तिचा हात चाटायची आणि तोंड फिरवायची. डॉक्टरने सलाईन लावलं. काकू तिच्याजवळ चटईवर बसून राहायच्या आणि मनात हिशेब जुळवायच्या. जुळायचा नाही. एकतर आपलं डोकं ठिकाणावर नाही, नाहीतर त्या घरात जी माणसं राहायची ती अजून तिथेच आहेत, आणि सोफ्यावर कडेला बसतात ती कोण, हे फक्त मिरीला ठाऊक आहे. यातलं पहिलं खरं असावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

एका दुपारी खाण्याची गाडी आत येत असताना मिरी फाटकातून निसटली. अंगात ताकद नव्हती, तरी मागे धावणाऱ्यांच्या हाती लागली नाही.

६

“नाही आली,” बायको दारातच म्हणाली. “फरशी पुसताना दार उघडं होतं खरं. पण कुत्री काही दिसली नाही. आत तरी या.”

काकू आत गेल्या. गृहस्थ आणि मुलगी तिथेच होते, तसेच बसलेले. घरात कुत्र्याचा मागमूस नव्हता. स्वयंपाकघर, मोरी, आतली खोली, पलंगाखाली, सगळीकडे काकूंनी पाहिलं. तिघं त्यांच्या मागे मागे चालत होती. पावलांचा आवाज न करता.

बोळात त्या थांबल्या नाहीत. कपाटाकडे बघायचं नाही, असं ठरवून त्या पुढे निघाल्या.

धप.

मग पुन्हा. धप, धप, धप.

लाकडावर शेपटी वाजत होती. आतून. कपाटाच्याही आतून, जिथे भिंत होती तिथून. आणि त्या आवाजाच्या मागे, लांबून यावं तसं, एक लहान मूल हसलं. कुणीतरी ‘शूऽ’ केलं. शेपटी थांबली. परका माणूस दाराशी आला की घरातली माणसं श्वास धरून बसतात, कुत्र्याचं तोंड हाताने मिटून धरतात, तशी ती शांतता होती.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरी घरी पोचली होती.

मग त्यांना मागची तिघं आठवली. त्या वळल्या.

तिघं बोळाच्या तोंडाशी ओळीने उभी होती. तिघांच्या माना एकाच बाजूला कलल्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. बहुतेक पहिल्यांदाच. पण आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नव्हतं. डोळे भिंतीवरून, छतावरून, दारांवरून फिरत होते.

“कुठून आला?” गृहस्थाने अगदी हळू विचारलं.

आयुष्यभर दुसऱ्यांची थापेबाजी पकडणाऱ्या काकूंना थाप मारायला जेमतेम एक श्वास मिळाला. “नळातून,” त्या म्हणाल्या. “पाइपात हवा अडकली की वाजतं असं. जुन्या इमारतींत होतं.”

“इमारत नवी आहे,” बायको म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे बघून मान हलवली, जणू तेच आपल्याला म्हणायचं होतं. मायलेकींच्या मधून अंग चोरून त्या दाराकडे गेल्या. दार लोटलं. जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांना आवाज ऐकू आला आणि त्या कान देऊन थांबल्या. खण उघडत होते, मिटत होते. मग पलंग सरकवला. मग, बऱ्याच वेळाने, चपला-बूट एकेक करून फरशीवर पडायला लागले.

७

काकू उरलेले जिने कशा उतरल्या, ते त्यांना नंतर आठवेना. गाडीत जादा साखळी असायचीच. ती काढून त्या इमारतीपुढच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर गेल्या आणि भिंतीला खेटून उभ्या राहिल्या. भिंत छातीएवढी उंच होती. वरून पाहणाऱ्याला त्यांचं डोकं आणि खांदे दिसले असते, त्यापलीकडे काही नाही.

“अहोऽ!” त्यांनी वर तोंड करून हाक मारली. आवाज फाटला. “सापडली! मिरी सापडली हो! इथे खालीच होती!”

काही हललं नाही. त्यांनी साखळी खुळखुळवली. खाली वाकून हवेला थोपटलं. “कुठे गेली होतीस गं भवाने? जीव टांगणीला लावलास माझा!”

चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत तिघं आली. गृहस्थ, बायको, मुलगी. मुलीच्या हातात एक बूट होता.

“जाते घेऊन!” काकू ओरडल्या. “आता नाही येणार ती इकडे!”

काकूंनी साखळीला हिसका दिला, पुढे ओढ बसल्यासारखा हात ताणला आणि त्या चालायला लागल्या. “हळू गं मिरी, हळू. अगं, माझं वय बघ जरा.” भिंत संपायच्या आत कोपरा होता. त्या वळल्या, आणि गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

निवाऱ्यात त्यांनी सांगितलं, मिरीला घर मिळालं. शिवणवाल्या बाईने कसं, कुठे असं विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, तिच्याच माणसांकडे. डॉक्टर मात्र हल्ली काळजीत असते. तिने काकूंना पाहिलंय, कामावरून सुटल्यावर त्या लांबच्या रस्त्याला जातात, आणि रिकामी साखळी हातात धरून एका कुंपणाच्या कडेने चालतात. मोठमोठ्याने बोलतात, थांबतात, खाली वाकतात, रागावतात. ‘काकू, कुणाला तरी दाखवू या का?’ असं तिने एकदा विचारलंही. काकू म्हणाल्या, “दाखवतेच आहे की रोज.”

कारण तिघं रोज खिडकीत येतात. कुत्री खाली आहे असं त्यांना वाटतंय, तोवर वर शोधायचं काही नाही. काकूंचा डाव एवढाच आहे, आणि तो कुठवर चालेल ते त्यांना माहीत नाही. त्या मान वर करत नाहीत, फक्त डोळ्यांच्या कडेने तीन डोकी मोजतात.

कालही त्या गेल्या. हवेला पट्टा बांधल्यासारखा हात पुढे धरून, “चल गं, चल” म्हणत. काल खिडकीत दोघंच होती.